हजेरीपटातील ‘सदर’ आणि संगणकातील सूची



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने मागच्या बाकावर बसून ऐकावे, असा आजवरचा शिरस्ता. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे; पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि नगरवाचनालयात. कामगार संघटनेचा कार्यकर्ता संगणकातील सूचीवर बोलणार म्हटल्यावर आपणांस नवल वाटले असेल. पण सूची म्हणजे शेवटी यादीच, आणि माणसांच्या याद्यांशी माझा तीस वर्षांचा संबंध आहे.

जुन्या हजेरीपटात कारकून पहिल्या ओळीत खात्याचे नाव पुरते लिहीत असे. खालच्या ओळींत मात्र तो नुसते ‘सदर’ लिही, किंवा दोन बारीक रेघा ओढी. त्याचे श्रम वाचत, जागा वाचे, आणि वाचणाऱ्याला प्रत्येक माणसाचे खाते बिनचूक कळे. कारण ‘सदर’ म्हणजे काय, ते वरच्या ओळीत लिहिलेलेच असे. मला आज सांगायचे आहे ते याच ‘सदर’विषयी. फक्त कारकुनाच्या जागी यंत्र आहे.

माहिती कोष्टकांत मांडावी आणि कोष्टकांचे नाते त्यांतल्या नोंदींवरूनच जुळवावे, ही कल्पना आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. तिच्यातूनच आजचे रिलेशनल डेटाबेस निघाले. कोष्टकात लाखो ओळी असल्या म्हणजे एका ओळीसाठी सगळ्या चाळाव्या लागू नयेत, म्हणून शेजारी सूची ठेवतात. ग्रंथाच्या शेवटी असते तशी. सूचीतील प्रत्येक नोंदीत दोन गोष्टी असतात: जिच्यावरून शोधायचे ती ‘की’, जिला मी खूण म्हणेन, आणि मूळ ओळीचा पत्ता. खुणा क्रमाने लावून पानापानांत भरलेल्या असतात. क्रम लावला की सारख्या नोंदी आपोआप शेजारी येतात, आणि ‘सदर’ लिहिण्याची सोय होते.

आमच्या संघटनेत वर्गणीच्या मासिक नोंदी ओरॅकलच्या टेन-जी एक्सप्रेस या आवृत्तीत ठेवल्या होत्या. ती विनामूल्य मिळे, पण तिच्यात चार गिगाबाइटांपलीकडे माहिती ठेवता येत नसे. शिवाय आमच्या नोंदी मराठीत. यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. आणि यंत्र काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे निरनिराळे मोजते. ‘फाउंड्री’ या एका शब्दाची चिन्हे आठ, म्हणजे चोवीस बाइट झाले!

आता साधा हिशेब करू. सूचीचे रकाने क्रमाने असे: कारखाना, खाते, बिल्ला क्रमांक, महिना. पहिल्या दोघांना मिळून ६० बाइट धरा, पुढच्या दोघांना मिळून १२ आणि पत्त्याला ६. एका नोंदीला ७८ बाइट. एकाच खात्याच्या शंभर नोंदींना ७,८००. कारखाना आणि खाते पानावर एकदाच लिहिले, तर ६० अधिक शंभर वेळा १८, म्हणजे १,८६०. किरकोळ खर्च सोडला तरी जागा चौथाईहून कमी! शिवाय एका पानात अधिक नोंदी मावल्याने शोधताना पाने कमी उलटावी लागतात.

पण हे आंधळेपणाने करून चालत नाही. बिल्ला क्रमांक आणि महिना यांनाच आरंभी बसवून त्यांनाच ‘सदर’ म्हणू गेलो, तर शेजारच्या दोन नोंदींत सारखे काहीच उरत नाही. उलट प्रत्येकीसाठी निराळे शीर्षक लिहावे लागून सूची फुगते. म्हणून पुनरुक्ती असलेले रकाने पुढे घ्यावेत. मात्र फाटकावर नेहमी बिल्ल्यावरूनच विचारणा होत असेल, तर जागेच्या लोभाने तो मागे टाकू नये. सूची विचारणाऱ्यासाठी असते. दुसरे असे की, वाचताना शीर्षक आणि शेपूट जुळवण्याचे थोडे जादा काम यंत्राला पडते. किती रकाने दाबावेत आणि किती टक्के जागा वाचेल, हे ओरॅकलला सूची तपासायला सांगितली की तीच सांगते. पोस्टग्रेस या दुसऱ्या प्रणालीत २०२० सालच्या तेराव्या आवृत्तीपासून अगदी एकसारख्या खुणा एकदाच लिहून पुढे पत्त्यांची माळ ठेवण्याची सोय झाली.

आता या तांत्रिक गोष्टीचे मला एवढे अगत्य का, ते सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या कचेरीत हजेरीपट यंत्रात चढवले गेले. जागा वाचवण्यासाठी कोणी तरी ठरवले, की नावाचे एकच अक्षर ठेवावे आणि वडिलांचे नाव गाळावे. एकाच खात्यात एकाच आडनावाचे, एकाच आद्याक्षराचे दोघे होते. त्यांतला एक वारला. त्याची पत्नी संघटनेच्या कचेरीत आली आणि म्हणाली, “भाऊ, तुमच्या त्या यंत्रात आमचे हे जिवंत आहेत म्हणतात.” जुन्या पगारपावत्या जुळवून तिचे पैसे मिळवायला आम्हांला चौदा महिने लागले. त्या वहिनींनी मधल्या काळात घरची भांडी मोडीत काढली.

पुढे आमच्याच संगणकातली जागा भरत आली, तेव्हा कार्यकारिणीत सूचना आली, की बंद पडलेल्या कारखान्यांच्या नोंदी काढून टाकाव्यात. सूचना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या वहिनी उभ्या राहिल्या. आमच्या कचेरीतल्या मुलाने मोजून पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक जागा सूचींनीच व्यापली होती. रात्री त्याने सूची नव्याने बांधल्या; आज्ञेच्या शेवटी ‘कॉम्प्रेस २’ एवढेच जोडायचे होते. सकाळी जागा मोकळी झाली होती आणि एकही माणूस यादीतून गेला नव्हता.

काटकसरीचे हे दोन प्रकार आहेत. एकात जे पुन्हापुन्हा आले तेच आवरले जाते, आणि हवे तेव्हा मूळ नोंद अक्षरशः परत मिळते. दुसऱ्यात एकदाच आलेले, त्या माणसाचे स्वतःचे असलेलेच कापले जाते, आणि ते परत मिळत नाही. कचेरीत, बँकेत, नगरपालिकेत कोणी आपणांस सांगेल, की जागा नाही म्हणून जुनी नोंद काढली. तेव्हा न भिता एवढेच विचारा: “साहेब, सूची किती जागा खाते ते आधी पाहिलेत काय?”