रिकाम्या कुंडीतलं शेवळं

आज बोलूया अशा एका झाडाबद्दल, जे वर्षातले निम्मे महिने दिसतच नाही.

मे संपता संपता ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका जांभळट, टोकदार कळ्यांच्या जुड्या घेऊन बसतात. सोबत काकडाची आंबट फळं. तेच हे शेवळं. शास्त्रीय नाव अ‍ॅमॉर्फोफॅलस कमुटॅटस. सुरणाचं भावंड, आणि मूळचं आपल्या पश्चिम घाटातलं.

माझ्या बाल्कनीत याच्या तीन कुंड्या आहेत. क्रम बघा कसा उलटा: आधी कळी येते, मग पान. कळी उमलली की कुजकट वास सुटतो. तो किड्यांना बोलावण्यासाठी असतो. दिवस एक-दोनच, पण शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा! पावसात एकच पान वर येतं, छत्रीसारखं पसरलेलं. देठ इतका जाड की लोकांना तो खोडच वाटतो. हे पान पावसाळाभर अन्न बनवतं आणि खाली नवा कंद भरतो. जुना कंद आटून जातो.

पावसाळा सरला की पान पिवळं पडतं, आडवं होतं. इथेच खरी गंमत आहे आणि धोकाही. घरातल्यांना वाटतं, झाड मेलं. मग कोणी कुंडी रिकामी करतं, कोणी मायेने रोज पाणी घालतं. दोन्हीत कंद जातो. झोपलेला कंद ओल्या मातीत कुजतो. म्हणून पान वाळलं की पाणी बंद. कुंडी पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात सरकवा, वर चिठ्ठी लावा, आणि फोनमध्ये मेच्या मध्याचा रिमाइंडर टाका. मातीतून टोक दिसलं की पाणी सुरू.

कुंडी दहा-बारा इंची, खाली भोक मोकळं. मातीत शेणखत आणि भरपूर जाड वाळू, म्हणजे पाणी साचत नाही. कंद चारेक इंच खोल. ऊन सकाळचं पुरे. थंडी मात्र याला सोसत नाही, म्हणून बर्फाच्या देशात राहणाऱ्यांनी झोपलेला कंद घरातच ठेवावा.

कंद हाताळताना हातमोजे घाला. यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानेच खाज सुटते. कच्चं तर तोंडातही घालू नका. लहान मुलं, मांजरं यांच्यापासून कुंडी लांब.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कंद आणायचा कुठून? आधीच लावलेल्या कुणाकडून, किंवा बियांपासून रोपं करणाऱ्याकडून. जंगलातून उकरून नको. बाजारातल्या बायका कळी तेवढी खुडतात. कंद जमिनीत राहतो, पान काढतो, पुढच्या वर्षासाठी साठवतो. कंदच उपटला तर त्या जागचं शेवळं संपलं.

तुमच्या घरी याला काय म्हणतात, भाजी कशी करतात, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!