सत्यप्रत



शाळेच्या कचेरीत वर्षभर हाताशी लागणारा एक शिक्का असतो : ‘सत्यप्रत’. मूळ दाखला एकच असतो. परंतु तो जपावा लागतो आणि काम तर प्रतीवरच चालवावे लागते. शिक्का उमटला म्हणून प्रत मूळ होत नाही. ती प्रत आहे आणि मुळाशी इमान राखून आहे, एवढेच तो सांगतो. पत्र्याच्या खेळण्यातील रेल्वे इंजिनांच्या प्रतिकृती जमवणे आणि त्या मुळाशी ताडून पाहणे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय शाळेपासून दूरचा वाटेल. परंतु त्याचा गाभा या शिक्क्यातच सापडतो.

ज्याला आपल्याकडे नुसता ‘पत्रा’ म्हणतात, तो पातळ पोलादी पत्रा असून त्यावर कथिलाचा थर असतो. घरातल्या पितळी भांड्यांना ज्या कथिलाची कल्हई होई, तेच हे कथिल. असा पत्रा साच्यात दाबायचा, त्याच्या कडेच्या लहान पट्ट्या समोरच्या खाचांत घालून वाकवायच्या, आणि रंग चढवून आत चावीचे यंत्र किंवा विजेची मोटर बसवायची, ही या इंजिनांची घडण होती. स्वस्त प्रकारांत सपाट पत्र्यावर आधी चित्र छापून मग तो घडवीत. जर्मनीतील ग्योपिंगेन येथे १८५९ साली बाहुल्यांची पत्र्याची भांडी करण्यासाठी निघालेल्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपत्सिगच्या जत्रेत रुळांवरची चावीची गाडी मांडली आणि रुळांच्या रुंदीला क्रमांक देण्याची पद्धत रूढ केली. अमेरिकेत १९०० साली सुरू झालेल्या लायोनेलने १९०६ मध्ये ५४ मिलिमीटर रुंदीचे रूळ आणले. इंग्लंडमध्ये मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या १९२० पासून बाजारात आल्या. त्यांचे रूळ ३२ मिलिमीटरचे होते.

ही इंजिने प्रमाणबद्ध नव्हती, हे ध्यानात घ्यावे. युरोपातील खऱ्या रुळांची रुंदी १,४३५ मिलिमीटर. तिला ३२ ने भागले की सुमारे ४५ येतात. परंतु इंजिनाची लांबी त्याच हिशेबाने क्वचितच कमी केलेली असे. घरातल्या लहान वळणावरून गाडी फिरावी म्हणून इंजिन आखूड केले जाई, आणि मुलाच्या हातातून पडले तरी टिकावे म्हणून त्याचे भाग जाड ठेवले जात. खेळणे म्हणून त्याची जी गरज होती, तीच त्याचे रूप ठरवीत होती.

ही खेळणी मुलांनी मनसोक्त वापरली, म्हणूनच ती थोडी उरली. महायुद्धाच्या काळात कारखाने शस्त्रसामग्रीकडे वळले आणि पुढे प्लास्टिक आले. ज्या घरांत गाडी जपून ठेवली होती, तेथेही एक घरभेदी निघाला. त्या काळच्या जस्ताच्या ओतीव मिश्रधातूत शिशाचा थोडा अंश राहून गेला असेल, तर दमट हवेत तो धातू फुगतो, त्याला तडे जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. कित्येक जुन्या इंजिनांचे पत्र्याचे अंग आजही शाबूत आहे, पण चाके मात्र गेली आहेत.

प्रतिकृतींचा उगम या गरजेत आहे. आधी सुटे भाग घडवले गेले, मग पुरी इंजिने. अमेरिकेत १९७० च्या दशकात विल्यम्स या कंपनीने लायोनेलच्या जुन्या इंजिनांच्या प्रतिकृती काढल्या. तेथे काम केलेल्या माइक वुल्फ यांनी १९८० मध्ये स्वतःची कंपनी उभारून तेच काम वाढवले. २००९ मध्ये तर खुद्द लायोनेलनेच या कंपनीला आपल्या नावाने जुनी पत्र्याची इंजिने काढण्याचा परवाना दिला. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात एस ट्रेन्सने हॉर्नबीच्या वळणाची पत्र्याची इंजिने पुन्हा रुळांवर आणली.

मग मूळ आणि प्रतिकृती ओळखायची कशी? जाणकार संग्राहक आधी इंजिन उलटे करतो, कारण मुखडा सर्वांनाच सजवता येतो; खरी ओळख तळाशी असते. स्क्रूचे आटे इंचाच्या मापाचे आहेत की मिलिमीटरच्या, हे तो पाहतो. अनेक प्रतिकृती आशियातील कारखान्यांत घडल्यामुळे त्यांचे आटे मेट्रिक असतात. मग तो मोटरकडे वळतो. जुनी मोटर उघडी असते, तिच्या तारांवरचे वेष्टन सुती. नवी मोटर डबीबंद असते आणि पुष्कळदा तिच्या जोडीला शिट्टीचा आवाज काढणारे इलेक्ट्रॉनिक्सही असते. जुना रंग चाकांजवळ आणि कडांवर, जेथे बोटे लागतात तेथेच झिजतो. जो रंग सगळीकडे सारखाच झिजलेला दिसतो, त्याचा संशय घ्यावा.

येथे प्रश्न नीतीचा होतो. प्रतिकृती करणे हा अपराध नाही. ती मूळ म्हणून खपवणे हा आहे. म्हणूनच प्रतिकृतीवर, निदान तिच्या तळाशी, सहज न पुसणारे चिन्ह असावे, असा संग्राहकांचा आग्रह असतो. ते चिन्ह कानशीने घासून नाहीसे करणारा माणूस एका ग्राहकाला फसवतो, इतकेच नव्हे. अशा दहा वस्तू बाजारात मिसळल्या की खऱ्या अकराव्या वस्तूवरही कोणी विश्वास ठेवत नाही. कधीतरी पितळ उघडे पडते, पण तोवर जाणकारांच्या ज्ञानातही खोट शिरलेली असते.

उलट, इमानी प्रतिकृती कधी कधी मुळापेक्षा अधिक सांगते. १८२९ साली रेनहिलच्या शर्यतीत जिंकलेले स्टीफन्सन यांचे ‘रॉकेट’ इंजिन आजही जतन केलेले आहे; परंतु ते पुढे वापरात असताना त्यात मोठे फेरफार झाले. तिरपे उभे असलेले त्याचे सिलिंडर खाली, जवळजवळ आडवे आणले गेले. त्यामुळे शर्यतीच्या दिवशी ते कसे दिसत होते, हे पाहायचे तर १९७९ मध्ये घडवलेल्या चालत्या प्रतिकृतीकडे जावे लागते. मूळ इंजिनाने आपले सारे आयुष्य अंगावर वागवले आहे आणि प्रतिकृतीने त्यातला एक दिवस राखून ठेवला आहे. दोन्ही खरी आहेत, पण त्यांची साक्ष वेगवेगळी आहे.

यासाठी विलायतेलाच जायला हवे असे नाही. बंगळुरूहून उद्यान एक्स्प्रेसने मुंबईकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत पुणे लागते. तेथे कर्वे रस्त्यावर, कोथरूडला, भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये खुले केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथील गाड्या पत्र्याच्या खेळण्यांहून निराळ्या. त्या खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या, काटेकोर प्रमाणाच्या आहेत. १,४३५ ला ८७ ने भागले की त्यांच्या रुळांची साडेसोळा मिलिमीटर रुंदी येते. सहावीच्या वर्गाला हे गणित प्रत्यक्ष रुळांवर पडताळता येईल. त्या संग्रहालयाचा विशेष असा की तेथील गाड्या धावतात आणि सिग्नल बदलतात. इंजिन पाहायचे ते चालताना, ही समज तेथे आहे. मूळ, आकाराने पूर्ण इंजिने पाहायची तर म्हैसूरचे १९७९ साली स्थापन झालेले रेल्वे संग्रहालय बंगळुरूकरांना जवळच आहे.

एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत, आजोबांची पत्र्याची गाडी अजून असेलही. ती घासून नव्याने रंगवू नये. उडालेला रंग हीच तिची सही आहे. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसावी, यंत्राला शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब द्यावा, पावसाळ्यात ओल लागू देऊ नये आणि ती कोणी, कोणासाठी आणली होती हे एका चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवावे. नातवंडांच्या हातात मात्र प्रतिकृती द्यावी आणि ती प्रतिकृती आहे हे त्यांना सांगावे. मूल तेवढ्याने हिरमुसत नाही. त्याला गाडी धावायला हवी असते.

हीरकमहोत्सवी वर्षात या शाळेनेही पुष्कळ काही काचेच्या कपाटात मांडले आहे : पहिली हजेरीपुस्तके, जुनी घंटा, पिवळी पडलेली छायाचित्रे. त्यांना हात लावू नये, हे योग्यच आहे. परंतु ज्या मराठीसाठी ही शाळा निघाली, ती त्या कपाटातली वस्तू नव्हे. शहाजीराजांच्या काळापासून या शहरात नांदलेली ही भाषा कन्नडच्या शेजारी राहून थोडी बदलली, तिचे काही उच्चार आणि काही शब्द येथले झाले. म्हणून कोणी तिला पुण्या-मुंबईच्या मराठीची नक्कल म्हणेल. रॉकेट इंजिनाचे सिलिंडर जसे चालता चालता बदलले, तसेच हेही बदल वापराचे आहेत. साठ वर्षे ती वर्गांतून, मैदानातून आणि डबा खाण्याच्या सुट्टीतून चालत आली आहे. पालकांकडे शाळेचे मागणे एवढेच आहे, की घरी पोहोचल्यावरही तिला रूळ मिळावेत.