परक्या ओसरीवरील बैठक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालविता, त्यांनी मला व्याकरण शिकविले आणि शंका विचारण्याची सवय लावली. म्हणून आज सिद्धान्त न मांडता एक शंकाच आपल्यापुढे ठेवतो. सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने समाजमाध्यमांवर बोलावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु चार माणसे जेथे बोलावयास बसतात, तेथे प्रश्न भाषेचाच असतो.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले; पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून आपली मराठी मुख्यतः घरात, वावरात आणि सणावारांत जगत आली. पोळ्याला तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या हे तिचे एक रांगडे, बळकट रूप. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी एका बड्या कंपनीच्या समाजमाध्यमावर गट काढला आणि झडत्या, शेतीतील जुने शब्द, गोटमारीची छायाचित्रे असे बरेच काही जमविले. म्हाताऱ्या आयाबाया नातवंडांच्या फोनवरून झडत्या सांगत. एके दिवशी सकाळी तो गट नाहीसा झाला. अपशब्द आणि हिंसेस उत्तेजन, असे कारण दिले होते. आम्ही दाद मागितली. उत्तर आले ते छापील साच्याचे. दोन वर्षांचा संग्रह गेला आणि ज्याच्याशी भांडावे असा माणूसही सापडला नाही.

येथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, मी गोटमारीचा कैवारी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, त्यात माणसे जखमी होतात, मेलीही आहेत. ते चित्र पाहून परगावच्या माणसाने दचकावे हे योग्यच. झडतीतील शिवीमागचा सावकार मात्र त्याला दिसत नाही. निर्णय देणाऱ्याला आमची बोली येत नव्हती आणि ओसरी त्याची होती, एवढीच आमची तक्रार.

तेव्हा एका विद्यार्थ्याने मला मॅस्टोडॉनचे नाव सांगितले. हे नाव एका नामशेष झालेल्या, हत्तीसारख्या प्राण्याचे. जर्मनीतील ऑयगेन रोख्को या तरुणाने २०१६ साली ते आपल्या माध्यमास दिले. त्याला एक मालक नाही. कोणीही आपला सर्व्हर उभारावा, त्याचे नियम आपण करावे आणि इतर सर्व्हरांवरील लोकांशी बोलावे. विद्यार्थ्याने हे तासभर समजाविले. मला ते उमगले दिंडीवरून. प्रत्येक दिंडीचा विणेकरी वेगळा, शिस्त वेगळी. पण वाट एक. एखाद्याचे आपल्या दिंडीत पटले नाही तर तो दुसऱ्या दिंडीत जाईल. त्याची वारी चुकत नाही.

असा विचार करणारे आम्ही पहिले नव्हतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले. १९३६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत सर्वजण नाझी सलाम करीत असता हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या एका कामगाराचे छायाचित्र त्यांनी लावले होते. पुढच्याच महिन्यात अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले.

मला मात्र त्या वेळी १९६९ साल आठवले. राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी सत्यकथेचा अंक जाळला, तेव्हा मी विद्यार्थी होतो. त्याआधीच, १९५५ च्या सुमारास, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढून वेगळी वाट धरली होती. सायक्लोस्टाइल केलेली ती अनियतकालिके हातोहात फिरत. बोटांना शाई लागे. कोणा संपादकाची संमती नको, ही केवढी मुक्तता! परंतु ती वाचणारे थोडे होते, आणि आज त्यांतील कित्येक अंक शोधूनही मिळत नाहीत. सत्यकथा १९८२ मध्ये बंद पडली, तरी तिच्या फाइली ग्रंथालयांत बांधलेल्या आहेत. हे लिहिताना मला आनंद होत नाही. माझी सहानुभूती जाळणाऱ्यांकडे होती.

या नव्या घरीही काटछाट अजिबात नाही, असे जे सांगतात ते पूर्ण सत्य नव्हे. २०१९ मध्ये गॅब नावाच्या, द्वेषमूलक लेखनासाठी कुप्रसिद्ध असलेल्या अमेरिकी माध्यमाने मॅस्टोडॉनचीच प्रणाली उचलली, तेव्हा अनेक सर्व्हरांनी त्याच्याकडची दारे लावून घेतली. माझ्या मते योग्य केले. म्हणजे 'नको' म्हणणारा तेथेही आहे. फरक इतकाच की, तो सहसा नावगावाने ठाऊक असतो, त्याला पत्र लिहिता येते आणि पटले नाही तर बिऱ्हाड हलविता येते. अंगण झाडण्याचे काम मात्र आपल्यावर येते. आमच्या विद्यार्थ्याने ते काम, खर्चासह, आपल्या शिरावर घेतले आहे. तो थकला तर काय, याचे उत्तर आमच्यापाशी अजून नाही.

मी जुने खाते बंद केले. माझ्याबरोबर दहाबारा जण आले. आयाबाया आल्या नाहीत. त्यांची नातवंडे जुन्याच ठिकाणी आहेत, आणि आजीच्या झडतीसाठी कोणी नवे खाते उघडत नाही. स्वातंत्र्य मिळाले, पण ज्यांच्या बोलण्यासाठी ते हवे होते त्या ओसरीबाहेरच राहिल्या. ही माझी शंका.

तूर्त एक जुना उपाय योजिला आहे. आठवतील त्या झडत्या आम्ही पुन्हा घरोघर जाऊन लिहून घेत आहोत. पहिली वही भरली असून ती आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो. दुसरी वही कोरी आहे. या पोळ्याला ज्या विद्यार्थ्यांच्या घरी आजी असेल, त्यांनी सभेनंतर मला भेटावे.