पिकू, गप्पी आणि तलावाचा काठ



ठाणे-कल्याण-डोंबिवलीपासून शहापूर-मुरबाडपर्यंतच्या जीवशास्त्राच्या शिक्षकांच्या या अधिवेशनात अध्यक्षाकडून अभ्यासक्रमाची पुनर्रचना, विज्ञानाचं भवितव्य अशा भारदस्त विषयांची अपेक्षा असते. ते विषय दुपारच्या परिसंवादात आहेत आणि तिथे माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे लोक आहेत. मी बोटभर लांबीच्या माशांवर बोलणार आहे. अंडी घालणारे किलीफिश आणि पिल्लं घालणारे गप्पी, गॅम्बुशिया. कोळणीच्या पाटीत यांना जागा नाही, कालवणात यांना कुणी घेत नाही. पण आपल्या शहरांनी पाण्याचं काय केलं, हे या माशांइतकं स्पष्ट दुसरं कुणी सांगत नाही.

सुरुवात घरच्यापासून करते. पिकू. ॲप्लोकायलस लिनिएटस. चपटं डोकं, वर वळलेलं तोंड, पाठीवरचा पर पार शेपटीजवळ गेलेला. ही सगळी ठेवण पाण्याच्या पृष्ठभागालगत राहून वरून पडणारे किडे, मुंग्या आणि डासांच्या अळ्या टिपण्यासाठी. माथ्यावर एक चमकता ठिपका असतो, त्यामुळे विहिरीच्या काठावरून वाकून पाहिलं तरी हा ओळखता येतो. अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या आडव्या ओळी. मादीच्या अंगावर उभे काळे पट्टे ठळक. वाढून वाढून दहा सेंटिमीटर. सह्याद्रीच्या पायथ्याचे ओढे, भाताची खाचरं, जुन्या विहिरी, खाडीलगतचं किंचित मचूळ पाणी, सगळीकडे राहतो.

या माशाचं शास्त्रीय बारसं आपल्याच दाराशी झालं आहे. द्युसुमिए नावाचा फ्रेंच व्यापारी जहाजांवरून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर फिरत असे आणि पॅरिसच्या संग्रहालयासाठी प्राणी गोळा करत असे. त्यानं मुंबईहून नेलेल्या नमुन्यांवरून व्हॅलेन्सिएननं १८४६ मध्ये, क्युव्हिएबरोबर सुरू केलेल्या माशांच्या प्रचंड ग्रंथमालेच्या अठराव्या खंडात, या जातीचं वर्णन केलं. आज जर्मनीतला किंवा जपानमधला एखादा हौशी माणूस ‘स्ट्राइप्ड पँचॅक्स’ म्हणून हा मासा काचेच्या टाकीत पाळतो, तेव्हा त्या नावाचं मूळ टोक मुंबईत असतं. आपल्या विद्यार्थ्यांना मात्र तो चित्रातसुद्धा दाखवला जात नाही. पाठ्यपुस्तकात रोहू असतो, शार्क असतो.

पिकूचे नातलग कुठे आहेत हे कळलं की वर्गीकरण हा विषय कारकुनी वाटेनासा होतो. किलीफिश आफ्रिकेत भरपूर आहेत, दक्षिण अमेरिकेत भरपूर आहेत. पण आपल्या ॲप्लोकायलसचा सर्वांत जवळचा भाऊबंद आहे पॅचिपँचॅक्स, आणि तो राहतो मादागास्कर आणि सेशेल्स बेटांवर. भारत मादागास्करपासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुटला. दख्खनचा काळा पाषाण ओतला गेला तो त्यानंतर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. अनेक अभ्यासकांच्या मते या दोन वंशांची फारकत त्या खंडांच्या फारकतीतूनच झाली. तसं असेल, तर ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगराचा दगड पिकूच्या घराण्यापेक्षा वयानं लहान आहे.

आफ्रिकेतल्या चुलत्यांनी एक अफाट युक्ती साधली आहे. झिंबाब्वे-मोझांबिककडच्या पावसाळी डबक्यांत नॉथोब्रँकियस फुर्झेरी राहतो. पाऊस पडला की अंड्यातून बाहेर येतो, दोन आठवड्यांच्या आसपास वयात येतो, चिखलात अंडी घालतो आणि डबकं आटताना मरतो. अंड्यातला गर्भ वाढ थांबवून कोरड्या मातीत पुढच्या पावसापर्यंत पडून राहतो. वार्धक्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांना आयुष्य काही महिन्यांत संपवणारा हा पृष्ठवंशी प्राणी फार सोयीचा वाटतो. दक्षिण अमेरिकेतल्या शाखेतही अशी वर्षजीवी मंडळी आहेत. आपल्याकडे जूनमध्ये भरणारी आणि दिवाळीनंतर आटणारी खाचरं असूनही पिकूच्या शाखेत हे एकाही जातीला जमलेलं नाही. वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पुराच्या, पाण्याबरोबर पिकू खाचरात चढतो, पण खाचर आटलं की जे मासे आत राहिले ते बगळ्यांचे. जात टिकते ती जवळच्या विहिरीत, नदीच्या डोहात, तलावात. म्हणजे आपल्या किलीफिशला बारमाही पाण्याचा एखादा आसरा हवाच. ही गोष्ट ध्यानात ठेवा, मला तिचा उपयोग करायचा आहे.

आता अंडी आणि पिल्लं. जुन्या वर्गीकरणात हिशेब सोपा होता: अंडी घालणारे एका कप्प्यात, पिल्लं घालणारे दुसऱ्यात. १९८१ मध्ये लिन पॅरेंटी या संशोधिकेनं न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या बुलेटिनमध्ये या साऱ्या गणगोताची, आज हजाराहून अधिक जाती असलेल्या समूहाची, हाडांपासून फेरतपासणी केली आणि ते कप्पे मोडले. पिल्लं घालणं ही एकदा घडलेली क्रांती नव्हे. गप्पीच्या वंशात ते वेगळं उगवलं, मेक्सिकोतल्या गुडिड माशांत वेगळं, चार डोळ्यांच्या ॲनॅब्लेप्समध्ये वेगळं. आणि ज्यांनी ते केलं नाही ते सगळे एकमेकांचे सख्खे, असंही नाही. अंडी घालणं हा पूर्वजांचा सामायिक वारसा आहे, त्यावरून भाऊबंदकी ठरत नाही. एखादी गोष्ट न केल्याबद्दल कुळं बनत नाहीत, हे आपल्या बारावीच्या मुलांना या एका उदाहरणातून दहा मिनिटांत समजतं. मी ते वर्गात पुष्कळदा करून पाहिलं आहे.

गप्पीचं पिल्लं घालणंही नीट पाहायला हवं. नराच्या गुदपराच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या काट्यांपासून एक नळीवजा अवयव बनतो, त्यानं तो शुक्राणू मादीच्या शरीरात पोचवतो. मादी ते कित्येक महिने साठवून ठेवते. एका समागमावर ती महिन्या-महिन्याच्या अंतरानं पुनःपुन्हा व्यायला तयार. गर्भाचं पोषण मुख्यतः अंड्यातल्या बलकावरच होतं; म्हणजे अंडं बाहेर टाकण्याऐवजी आत सांभाळलं, इतकाच फरक. पण या ‘इतक्याच’ फरकाचा परिणाम काय होतो तो बघा. पिकूची मादी रोज थोडी थोडी अंडी पाणवनस्पतींच्या बारीक पानांत चिकटवते आणि ती फुटायला दोनेक आठवडे लागतात. तेवढे दिवस तिथे झाडोरा हवा, उथळ काठ हवा, पाणी एकदम खालीवर व्हायला नको. गप्पीला यातलं काही लागत नाही. पिल्लू जन्मतःच पोहतं. सिमेंटची टाकी असो, डोंबिवलीचं गटार असो, एक गाभण मादी पुरे.

या दोघांच्या मधला मासा आपल्याच किनाऱ्यावर सापडला, आणि त्याच्यावर जरा रेंगाळण्याची परवानगी द्या. १९४० मध्ये ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांचा चाळीसहून अधिक पानांचा निबंध आला. मुंबई प्रांताच्या किनारपट्टीवरच्या गोड्या आणि मचूळ पाण्यातला, दोन-अडीच सेंटिमीटरचा, काचेसारखा पारदर्शक मासा. नराच्या गुदपराच्या पुढच्या भागाचा लांबलचक समागम-अवयव झालेला. त्यातून तो सुटे शुक्राणू देत नाही. शुक्राणूंची बांधलेली पुडी, टोकाला काटे असलेली, मादीच्या जननछिद्रापाशी अडकवतो. मादीचा उजवा श्रोणिपर गायब आहे. फलन शरीरात होतं आणि तरीही मादी अंडीच घालते. कुलकर्णींनी नुसतं वर्णन केलं नाही, राहणी आणि गर्भविकासही तपासला. मासा इतका वेगळा वाटला की त्यांनी त्याच्यासाठी नवं कुल उभं केलं. नाव दिलं होराइक्थिस सेटनाय. प्रजातीचं नाव भारतीय मत्स्यविज्ञानातले मोठे गृहस्थ सुंदरलाल होरा यांच्यावरून, जातीचं नाव मुंबईच्या मत्स्यव्यवसाय खात्यातले डॉ. सेटना यांच्यावरून. हेच कुलकर्णी पुढे राज्याचे मत्स्यसंचालक झाले आणि लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महसीरच्या प्रजननाचं काम त्यांनी उभं केलं. महसीरबद्दल लोक बोलतात. या चिमुकल्या माशाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण या निबंधात आहे.

पुढे काय झालं तेही रंजक आहे. १९८१ मध्ये रोझेन आणि पॅरेंटी यांनी भातमासे, म्हणजे ओरायझियासचं सारं घराणं, किलीफिशांच्या गणातून उचलून टोळ आणि उडणाऱ्या माशांच्या गणात नेलं. बाजारात चोच पुढे काढून पडलेला हिरव्या हाडांचा टोळ आणि आपला पारदर्शक कण, हे नातेवाईक! २००८ मध्ये पॅरेंटींनी होराइक्थिस ही वेगळी प्रजातीच मोडीत काढून मासा ओरायझियासमध्ये घातला. आजचं नाव ओरायझियास सेटनाय. होरांचं नाव गेलं, सेटनांचं राहिलं. कुलकर्णींचं स्वतंत्र कुल टिकलं नाही, म्हणून काही जण हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. त्यांनी काढलेली आकृती आणि लिहिलेलं निरीक्षण आजही तसंच वापरलं जातं. कप्पे बदलतात, कप्प्यात ठेवायचा ऐवज त्यांनी दिला.

आता तलावाच्या काठाकडे येते.

डासांसाठी मासे सोडण्याची कल्पना जुनी आहे. १९११ मध्ये बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल लिहिला आणि बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींवर. पुढच्याच वर्षी सेवेल आणि चौधरी या इंडियन म्युझियमच्या दोघांनी डासांच्या अळ्या खाणाऱ्या भारतीय माशांवर पुस्तिका काढली. तीत पिकूच्या प्रजातीतले मासे होते. म्हणजे एतद्देशीय उपाय शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापून तयार होता. तरी १९२८ मध्ये गॅम्बुशिया परदेशातून आणला गेला, गप्पी त्याआधीच आला होता, आणि आज हिवताप-डेंग्यूचा मोसम आला की ‘गप्पी मासे सोडले’ ही बातमी आणि बादलीसह छायाचित्र ठरलेलं. गॅम्बुशिया तर बेडकांची पिल्लं आणि इतर माशांची अंडी-पिल्लंही सोडत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आगंतुक जातींच्या यादीत तो बसला आहे.

मी गप्पीची शत्रू नाही. बंद पडलेली विहीर, बांधकामावरची पाण्याची टाकी, कारंज्याचा हौद, जिथून पाणी दुसरीकडे वाहत जात नाही अशा जागी गप्पी जरूर सोडावा. हिवतापाचा शहरी डास अशाच ठिकाणी वाढतो. पण डेंग्यूचा एडिस वाढतो फ्रिजच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या बशीत, गच्चीवर टाकलेल्या टायरमध्ये. तिथे कुठला मासा जाणार? आणि ज्या तलावात आधीच मासे आहेत, चतुरांच्या अळ्या आहेत, तिथे गप्पी ओतून डास किती कमी होणार? तलावात सोडलेला गप्पी पहिल्या मोठ्या पावसात सांडव्यावाटे ओढ्यात जातो, ओढ्यातून उल्हासला. तो परत बोलावता येत नाही.

ठाण्याला आपण तलावांचं शहर म्हणतो. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी. कल्याणचा काळा तलाव. पिकूला लागणारा बारमाही आसरा तो हाच. सुशोभीकरण झालं की काय होतं ते आपण सारे पाहतो: चहूबाजूंनी दगडी किंवा सिमेंटची उभी भिंत, वर कठडा, मध्ये कारंजं. फिरायला छान जागा होते, यात शंका नाही. पण पाण्याला काठ राहत नाही. ज्या दोन-तीन फुटांच्या उथळ पट्ट्यात गवत, लव्हाळा, पाणवनस्पती असतात तोच पट्टा नेमका बांधकामात जातो. अंडी चिकटवायला जागा नसलेल्या तलावात पिकू एक पिढी काढेल, दुसरी काढणार नाही. गप्पीचं काहीच बिघडत नाही. मग दहा वर्षांनी कुणीतरी जाळं टाकतं, सगळे गप्पीच निघतात, आणि निष्कर्ष निघतो की विदेशी माशानं देशी मासा हुसकावला. काही ठिकाणी तसं घडलंही असेल. पण पुष्कळ ठिकाणी पिकूला हुसकावणारा मासा नव्हता, गवंडी होता. खाडीकडे हेच खाजणांचं. भराव पडला आणि उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची वाट, बुजली की मचूळ पाण्याचे पाट संपतात, आणि कुलकर्णींचा मासा त्याच पाटांतला.

म्हणून माझी पालिकांकडे मागणी साधी आहे. तलावाच्या परिघाचा निदान एक चतुर्थांश भाग भिंतीविना, उताराचा, झाडोऱ्यासह ठेवा. आणि सोडायचेच असतील तर त्याच खोऱ्यातले पिकू वाढवून सोडा. दूरच्या खोऱ्यातले आणू नका. मत्स्यबीज वाढवणाऱ्याला हे अवघड नाही. अंडी देणारी जोडी, बारीक पानांची वनस्पती आणि थोडी चिकाटी लागते. मोठे पिकू लहानांना खातात, तेवढं सांभाळावं लागतं.

आपल्याकडून काय व्हावं, तेही सांगते. महाविद्यालयांतलं विच्छेदन बंद झाल्यापासून प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक संगणकाच्या पडद्यावर आलं आहे. त्याऐवजी जिवंत पिकूची अंडी भिंगाखाली ठेवा. कवच पारदर्शक असतं. धडधडणारं हृदय, डोळ्यांतलं रंगद्रव्य, शेपटीची पहिली हालचाल, सगळं विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी, रोज, कुणालाही न मारता दिसतं. दुसरं, प्रत्येक महाविद्यालयानं आपल्या सर्वांत जवळच्या एका पाणवठ्यातल्या लहान माशांची यादी करावी आणि प्रत्येक जातीचे दोन-तीन नमुने जपून ठेवावेत. नुसतं मोबाइलवरचं छायाचित्र पुरत नाही. व्हॅलेन्सिएननं वर्णिलेले नमुने पॅरिसला बरणीत राहिले, म्हणून पावणेदोनशे वर्षांनंतरही त्यांच्यावरून वाद घालता येतो. पुढच्या अधिवेशनात या याद्यांसाठी एक सत्र ठेवावं अशी माझी संयोजकांना विनंती आहे. त्यात खाडीलगतच्या महाविद्यालयांनी सेटनाय शोधून आणला तर मला विशेष आनंद होईल. बरणीत जाणाऱ्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि पकडणाऱ्याचं नाव असू द्या, आणि ती चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते.