पाणी जमिनीचे की माणसांचे?
(कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



1972च्या दुष्काळाने महाराष्ट्रातील ग्रामीण दारिद्र्य उघडे पाडले. मे 1973 मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे 50 लक्ष माणसे राबत होती. त्यांच्या रेट्यातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून रोजगार हमीचा कायदा आला. तो 1977 साली संमत झाला व 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. शहरातील नोकरदारांकडून व्यवसाय कर घ्यावयाचा आणि त्यातून खेड्यातील मजुरास हक्काची मजुरी द्यावयाची, ही व्यवस्था साधी नव्हती.

परंतु मजुरांनी बांधलेल्या पाझर तलावाचे पुढे काय झाले? तलाव भरला, खालच्या विहिरींना पाणी चढले. विहीर ज्याची, पाणी त्याचे! भूमिहीन बाई डोक्यावरची पाटी उतरवून त्याच विहीरमालकाच्या शेतावर पुन्हा रोजाने गेली.

या प्रश्नाला पुरंदर तालुक्यात हात घातला गेला. विलासराव साळुंखे हे पुण्याचे अभियंते व कारखानदार. दुष्काळी कामे पाहून ते अस्वस्थ झाले. नायगावला देवस्थानची 40 एकर उजाड जमीन खंडाने घेऊन त्यांनी पाणी अडविण्याचे प्रयोग केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात; दरडोई अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर. उसाला बंदी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाही. भूमिहीनालाही वाटा. खर्चाचा 20 टक्के भार मात्र लाभधारकांनीच उचलावयाचा. धर्मादाय वाटपाशी या पंचायतीचा संबंध नव्हता.

ज्याला जमीन नाही त्याने पाणी घेऊन करावे काय, असा प्रश्न शहाणी मंडळी विचारतात. हातात पाण्याचा वाटा असलेला मजूर कोरडवाहू शेतकऱ्याशी वाट्याने शेती करू शकतो; रोजाच्या दरावर त्याला मुकाट्याने मान तुकवावी लागत नाही. बागायतदाराला हीच गोष्ट खुपते.

शासनाने या योजनांना अनुदान दिले. तत्त्व मात्र स्वीकारले नाही. 2005च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थेचे सभासदत्व जमीन धारण करणाऱ्यांनाच दिले. ज्यांनी घाम गाळला ते दाराबाहेरच राहिले.

म्हणून ग्रामसभेत तलावाचे काम मंजूर होत असतानाच, हजेरीपटावरील मजुरांचा पाणीवाटा ठरावात लिहून घेतला पाहिजे. भिंत उभी राहिल्यावर ही मागणी कोणी ऐकत नाही.