वाचनाचा संकल्प आणि वाचनाची वही
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आजचा विषय आम्हांस सुचला तो मंडळाच्या ग्रंथालयाची देवघेव-वही चाळताना. तीत आमचेच नाव फार ठसठशीत दिसले. पुस्तके आम्ही पुष्कळ नेली होती. त्यांतली वाचली किती, हे ती वही सांगत नव्हती. आणि खरे सांगावयाचे तर आम्हांलाही सांगता आले नसते. पुस्तक कपाटातून निघाले आणि कपाटात परतले, एवढीच साक्ष ती देते. मधल्या दिवसांत ते उघडले गेले की उशाशी नुसते पडून राहिले, हे तिला कसे कळावे?

प्रथम हिशेब मांडू. रोज वीस पृष्ठे वाचली तर वर्षाची ७,३०० होतात. अडीचशे पृष्ठांचे एक पुस्तक धरले तर वर्षाकाठी एकोणतीस पुस्तके. हा नेम चाळीस वर्षे अखंड चालला तरी संख्या बाराशेच्या आतच राहते. आता दुसऱ्या पारड्यात शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची ठेवा. १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांच्या नोंदींचा पहिला भाग १९४३ साली निघाला आणि १९३८ ते १९५० चा दुसरा भाग १९६१ साली. पुस्तके नव्हेत, नुसत्या नोंदी. आणि त्याही १९५० पाशी थांबलेल्या! तेव्हा वाचनाचा संकल्प म्हणजे बऱ्याच अंशी काय वाचावयाचे नाही याचा निर्णय होय. तो आपण केला नाही तर पहिल्या हाती लागलेले पुस्तकच तो करून टाकते.

आम्ही एका पाडव्यास पन्नास पुस्तकांचा संकल्प सोडला होता. ज्येष्ठ सरेपर्यंत अकरा झाली. मग आषाढापासून आमची नजर पुस्तकाच्या नावावरून घसरून त्याच्या जाडीकडे जाऊ लागली. इरावती कर्वे यांचे १९६७ सालचे 'युगान्त' हे आम्ही लहानखुरे म्हणून उचलले, दोन बैठकींत संपविले आणि आकडा एकाने वाढविला. पुढे एका स्नेह्याने त्यातील गांधारीविषयी विचारले, तेव्हा आम्हांस दोन वाक्ये धड सांगता येईनात. उलट रणजित देसाईंची 'स्वामी' जाडजूड असूनही चार रात्रींत वाचून झाली होती. दोन्ही पुस्तकांना वहीत सारखाच एक आकडा! तेव्हापासून आम्ही पुस्तके मोजणे सोडले आहे. वाचनाचे दिवस मात्र मोजतो.

या बाबतीत आमच्या मातोश्री आमच्याहून शहाण्या होत्या. वाण्याच्या हिशेबाची वही त्या उलटी धरून मागील पानापासून लिहीत. तारीख, पुस्तकाचे नाव, कोणाकडून आणले, आणि पुढे एक ओळ. एका गाजलेल्या कादंबरीपुढे 'नायिका उगाच रडते' एवढाच शेरा आहे. काही नावांपुढे पृष्ठांक घालून 'सोडले' असे लिहिले आहे. अर्धवट टाकलेल्या पुस्तकाची इतकी निर्भीड नोंद करणारे विद्वान आम्ही फार पाहिले नाहीत. गांधीजी १९२२ ते १९२४ येरवड्याच्या तुरुंगात असताना वाचलेल्या पुस्तकांची नोंद दैनंदिनीत ठेवीत. तेथे निदान वेळ होता. मातोश्रींची वही चुलीवरचे दूध सांभाळीत भरलेली आहे.

ती वही आम्ही मध्यंतरी नातीच्या हाती दिली. अक्षरे तिला वाचता आली, लिपी एकच ना! पण ती 'उगाच' या शब्दाशी अडली. "आजोबा, उगाच म्हणजे उगवते का?" जबलपूरच्या मराठी घरांचे दुखणे ते हेच. जुन्या मध्यप्रदेशात हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषेचे स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि मराठी कचेरीतून उठून घरात आली. घरातही ती आता बोलण्यापुरती उरली आहे. सामायिक लिपीमुळे मुलांना मराठी वाचता येते, असा आपला समज होतो. गोष्टीतल्या मुलाला गुरुजींनी 'शिक्षा' केली हे वाचून नातीला वाटले, त्यांनी त्याला शिकविले. 'चेष्टा' म्हणजे तिच्या लेखी प्रयत्न आणि 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती.

यावर हिंदी पुस्तके वहीतून वगळावी, असे काही मंडळी सुचवितात. आम्हांस ते मान्य नाही. ज्या गावात सुभद्राकुमारी चौहान आणि हरिशंकर परसाई यांनी लिहिले, तेथे हिंदी वाचनाची गणना न करणे हा करंटेपणा ठरेल. नातीच्या वहीत आम्ही दोन रकाने आखले आहेत. हिंदीच्या रकान्यात ती हवे तेवढे लिहिते. मराठीचा नेम एवढाच, की रात्रीच्या जेवणानंतर अर्धे पान मोठ्याने वाचावयाचे आणि घरातल्या एका मोठ्या माणसाने समोर बसून ऐकावयाचे. फसविणारे शब्द शेवटच्या पानावर उतरवितो. नेम तिच्याकडून क्वचितच मोडतो. ऐकणाराच बहुधा गैरहजर असतो, आणि त्यात आम्हीही आलो.

मोठ्यांनी वर्षाला एक विषय धरावा. यंदा आमच्या घरी नर्मदेचे वर्ष आहे. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' झाली, जगन्नाथ कुंटे यांचे 'नर्मदेऽऽ हर हर' चालू आहे. ग्वारीघाटावर आम्ही जन्मभर गेलो. पण परिक्रमावासी दिसला म्हणजे त्याच्या झोळीत काय असेल, तो आज कोठून चालत आला असेल, हे मनात येऊ लागले ते या वाचनानंतर.

कार्यवाहांना एक विनंती आहे. देवघेव-वहीशेजारी दुसरी एक वही ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्याने तीत कितव्या पृष्ठापर्यंत वाचले ते लिहावे आणि पुढे एक ओळ; 'सोडले' लिहिण्यास संकोच नसावा. ती वही आम्ही सोबत आणली आहे. पहिली नोंद आमची: 'युगान्त', दुसऱ्यांदा, गांधारीपर्यंत.