जस्त आणि अश्वगंधा

टेस्टोस्टेरॉन या पुरुषसंप्रेरकाची पातळी वाढवून देण्याचे आश्वासन देणारी खनिजे व वनौषधी दुकानात एकाच फळीवर मांडलेल्या असल्या, तरी त्यांचा निवाडा एकाच कसोटीने करता येत नाही.

1958 साली इराणातील शिराझ शहरी, मूळचे बिहारातील बक्सरचे असलेले डॉ. आनंद प्रसाद यांच्यापुढे असा एक रुग्ण आला, की जो वयाने 21 वर्षांचा असूनही देहाने 10 वर्षांच्या बालकाएवढाच होता, ज्याच्या अंगी तारुण्याची एकही खूण उमटली नव्हती, आणि जो मुख्यतः बिनखमिराच्या रोटीवर राहून वर माती खात असे. अशा रोटीतील फायटेट नावाचे द्रव्य जस्ताला आतड्यातच अडकवून ठेवते, हे पुढे उमगले. आणि इजिप्तमधील तशाच रुग्णांना जस्त दिल्यावर त्यांची उंची वाढली व यौवनलक्षणे प्रकट झाली. तात्पर्य, जस्त तूट भरून काढते. जेथे तूटच नाही तेथे त्याच्याकडून टेस्टोस्टेरॉनच्या वाढीची अपेक्षा करणे व्यर्थ होय, आणि मोठ्या मात्रेने दीर्घकाळ घेतल्यास ते तांब्याच्या शोषणास अटकाव करून रक्तक्षयही ओढवते. आपल्या घरी मटकीला मोड आणण्याची रीत आहे, तीमुळे फायटेट घटते व अन्नातील जस्त अंगी लागते.

वनौषधींचा दाखला इतका निःसंदिग्ध नाही. अश्वगंधेच्या काही लहान प्रयोगांत पातळीत माफक वाढ आढळली; गोखरूने मात्र निरोगी पुरुषांवरील बहुतेक प्रयोगांत फरक पाडला नाही. शिवाय अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय दप्तरी आहेत. म्हणून वनस्पती तेवढी निरुपद्रवी, हा समज सोडावा.

ज्यांस थकवा वा कामेच्छेची उणीव जाणवते, त्यांनी आधी दोन निरनिराळ्या दिवशी सकाळी टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी करावी, कारण ही पातळी सकाळी सर्वाधिक असते. स्थूलता, मधुमेह व अपुरी झोप यांचा बंदोबस्त करावा. आणि जस्ताची तूट सिद्ध झाली, तर डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेने व मुदतीपुरतेच ते घ्यावे. अश्वगंधा घ्यावयाची असल्यास तीही त्यांना सांगूनच घ्यावी. लज्जेपोटी तपासणी टाळून जाहिरातीवर विसंबणे, यात पैशाची नासाडी तर आहेच, परंतु खऱ्या व्याधीचे निदान लांबणीवर पडते, ही हानी त्याहून मोठी आहे.